नववीतली लेक, बारावीतला मुलगा आणि सुटीतला टीव्ही: कोणते सिनेमे बघावेत?

ताई, तुम्ही अंबाजोगाईहून विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी नववीत आहे, मुलगा बारावीसाठी लातुरात खोली करून राहतो आणि दिवाळीत काही दिवस घरी येणार आहे. घरात सासूबाई आहेत. सगळ्यांना मिळून बघता येतील असे, या वयाच्या मुलांचे सिनेमे हवेत. मात्र मधेच रिमोट शोधायची पाळी येऊ नये. वर मुलाचं म्हणणं असं की मराठीत 'सैराट' सोडून त्याच्या वयाचं काही निघालेलंच नाही.

मी लातुरात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो आणि वसतिगृहातल्या मुलामुलींना अधूनमधून शनिवारी रात्री सिनेमा दाखवतो. मेसच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरी चादर आणि उसना आणलेला प्रोजेक्टर, एवढाच थाट. नीट-जेईईच्या तयारीतली ही पोरं दोन तास मोकळी मिळाली की फार निर्दय प्रेक्षक होतात. कंटाळा आला तर जांभईसुद्धा लपवत नाहीत. खाली जी नावं देतोय त्यातली बहुतेक या हॉलमध्ये टिकलेली आहेत.

आधी रिमोटच्या अटीबद्दल बोलू, कारण सगळी यादी तिथेच अडते. नववीची मुलगी, बारावीचा मुलगा आणि आजी यांना एका सतरंजीवर बसून, कुणालाही अवघड न वाटता बघता येईल असाच सिनेमा शोधायचा म्हटलं, तर हाताला लागतात ते लहान मुलांचे सिनेमे. ते वाईट नसतात, पण मुलगा पंधराव्या मिनिटाला मोबाईल काढतो. त्याच्या वयाच्या गोष्टीत प्रेम येणार, शिवी येणार, बापाशी खटका उडणार, शरीराबद्दलचं कुतूहल येणार. हे सगळं गाळून टाकलं तर उरतो तो मूल्यशिक्षणाचा तास. म्हणून मी पालकांना सांगतो, बैठक फोडा. काही सिनेमे सगळ्यांनी बघा, काही तुम्ही आणि लेकीने, एखादा मुलाने एकट्याने, आणि एखादा तुम्ही नवरा-बायकोने, मुलं झोपल्यावर. हा शेवटचा प्रकार घरोघरी सगळ्यात कमी होतो आणि माझ्या मते त्याचीच गरज सगळ्यात जास्त आहे.

सगळ्यांनी मिळून बघायचा पहिला सिनेमा 'किल्ला'. अविनाश अरुण यांचा हा सिनेमा आपल्याकडे 2015 साली लागला. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. म्हणजे हा पुरस्कार मोठ्यांनी नाही, लेकरांनी दिलेला आहे, हे तुमच्या मुलाला मुद्दाम सांगा. चिन्मयचे वडील वारलेत, आईची सरकारी नोकरी आहे, आणि तिची बदली होते पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावात. नवी शाळा, नवी पोरं, नवं घर. समुद्र सोडला तर यातलं काहीही आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. बँक, महावितरण, पाटबंधारे खातं, कुठल्याही नोकरदाराच्या लेकरांना विचारा. किनवटची शाळा सुटली की परांड्याची, हातात दाखला आणि वर्गात पुन्हा शेवटचा बाक.

यात एक प्रसंग आहे. मुलं सायकलींची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो, चिन्मय आत एकटा अडकतो आणि बाहेर येऊन बघतो तर मित्र त्याला टाकून निघून गेलेले. आमच्या हॉलमध्ये या जागी कुजबुजही बंद होते. पुढे तो मित्रांशी कसा वागतो, आईशी का तुटक बोलतो, हे सिनेमा फार कमी शब्दांत दाखवतो. अमृता सुभाष यांची आई तुम्ही स्वतःसाठी बघा. ऑफिसात नवखी, घरात एकटी, आणि मुलाला वाटतं हिला काही कळतच नाही. सासूबाईंची काळजी नको. बंड्या झालेला पार्थ भालेराव पडद्यावर आला की त्या हसणार.

सासूबाई माळकरी असतील, वारी केलेली असेल, तर परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (2014) त्यांच्यासाठी लावा. पंढरपुरात कार्तिकीच्या गर्दीत घडतो. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी अडकलेलं असतं, आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून पोरं आईला न सांगता यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. मुलगा बारावीचा असला तरी बसेल, कारण सिनेमा विनोदी आहे आणि लांबण लावत नाही. वयात येण्यापेक्षा घरातली अडचण समजण्याचं वय यात आहे, आणि आपल्याकडे ते वय फार लवकर येतं.

आता लेकीच्या वर्गाचा सिनेमा, 'शाळा'. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला, 2012 साली लागला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते. पुढे काय होतं, असं विचाराल तर फारसं काही नाही: मागून चालत जाणं, क्लासला एकाच वेळी पोचणं, अर्ध्या बांधलेल्या इमारतीत मित्रांसोबत बसून बाता मारणं. रील बघून वाढलेली पोरं पहिल्या अर्ध्या तासात विचारतात, "सर, एवढंच?" तेवढा अर्धा तास त्यांना सोसू द्या. पुढे आपसूक गप्प होतात, कारण त्या 'एवढंच'मध्ये काय असतं ते त्यांना नीट ठाऊक आहे. मोबाईल असो नसो.

या सिनेमानंतर मुली नेहमी एकच तक्रार करतात: सगळं मुकुंदच्या डोळ्यांनी दिसतं, शिरोडकरला काय वाटत होतं ते कुणी विचारलंच नाही. मला ही तक्रार पटते. लेकीला वाचायची आवड असेल तर सिनेमानंतर कादंबरी हातात द्या, शाळेच्या किंवा गावातल्या वाचनालयात बहुतेक मिळेल. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कादंबरी सरस आहे. पण पुस्तक आधी वाचायला लावून मग सिनेमा दाखवण्याचा शिक्षकी प्रकार करू नका. दोन्हींवरची गोडी जाते.

मुलाच्या 'सैराट'बद्दल. तो म्हणतो ते चूक असलं तरी त्याला हसू नका. 2016 च्या उन्हाळ्यात नागराज मंजुळेंच्या या सिनेमाने आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली माणसं ट्रॅक्टर-टेम्पो करून थिएटरात आणली होती, तेव्हा तुमचा मुलगा अगदी लहान असेल. त्याने नंतर पाहिला असेल तो मोबाईलवर, आणि मला दाट शंका आहे की गाण्यांपुरता, म्हणजे अर्धाच. माझ्या वर्गातली निम्मी पोरं 'सैराट' म्हणजे विहीर, बुलेट आणि 'झिंगाट' एवढंच सांगतात. खरा वयात येण्याचा सिनेमा मध्यांतरानंतर सुरू होतो. पळून गेलेली दोघं हैदराबादला पोचतात. देगलूर, उदगीर, नांदेडकडच्या किती घरांतली माणसं कामाला हैदराबादेत आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. झोपडपट्टीतली खोली, पाणी, भाषा येत नाही, तो डोशाच्या गाडीवर, ती बाटल्या भरायच्या कारखान्यात, आणि मग संशय, भांडण, मारलेली चापट. प्रेम केल्यावर रोज सकाळी उठून काय करावं लागतं, हे मराठीत इतक्या सरळपणे कमी सिनेमांनी दाखवलंय. शेवट भयंकर आहे. नववीच्या मुलीला दाखवावा का, असं बरेच पालक विचारतात. ताई, तिने तो पाहिलाय. प्रश्न एवढाच आहे की तो उत्तरार्ध तिने एकटीने पांघरुणात बघावा की तुमच्या शेजारी बसून.

मंजुळेंचाच त्याआधीचा 'फँड्री' मात्र मी या यादीत सगळ्यात वर ठेवतो, आणि दाखवताना सगळ्यात जास्त जपून दाखवतो. 2014 साली लागला. जब्याचं वय तुमच्या लेकीएवढंच. वर्गातली शालू त्याला आवडते, जीन्स पाहिजे, काळी चिमणी सापडली तर काम होईल असं त्याला वाटतं. कुठल्याही नववीतल्या पोराचं असावं तसं सगळं. फरक एवढाच की गावाला त्याच्या घरच्यांची आठवण फक्त डुक्कर धरायचं असलं की येते. सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, वर्गातली पोरं कठड्यावर बसून मजा बघतायत, शालूही तिथेच आहे, आणि जब्या लपायला जागा शोधतोय. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. पुढे डुक्कर बांबूला लटकवून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं दिसतात. कॅमेरा काहीही समजावून सांगत नाही. सोमनाथ अवघडे या मुलाला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

जपून दाखवतो म्हणालो, त्याचं कारण शिव्या नाहीत. शिव्या आहेत, आजींना आधी सांगून ठेवा. आपल्या बाजारात ऐकतो त्याहून वेगळ्या नाहीत. कारण असं की हॉलमध्ये बसलेल्या मुलांपैकी काही जब्याच्या घरची असतात आणि काही कठड्यावर बसलेल्यांच्या घरची, आणि सिनेमा संपल्यावर सगळ्यांना एकाच पंगतीत जेवायचं असतं. घरात ही अडचण वेगळी होते. आपल्या घराने गावात कुठल्या बाजूला बसून काय पाहिलं, हे आजी-आजोबांना ठाऊक असतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची सोळा वर्षं, 1978 ते 1994, ज्यांनी खेड्यात काढली त्यांच्याकडे सांगण्यासारखं आणि न सांगण्यासारखंही बरंच आहे. 'फँड्री' बघून एखाद्या घरात आजी बोलायला लागते. ती बोलली तर कुणीही मधे तोंड घालू नका. नाही बोलली तर उकरू नका.

आणि ज्या सिनेमाबद्दल आपल्याच भागात फार कमी जणांना माहिती आहे तो 'दशक्रिया' (2017). बाबा भांड यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक संदीप पाटील, आणि गोष्ट थेट आपल्या पैठणची. गोदावरीच्या घाटावर दहावे-तेरावे चालतात, नदीत राख सोडतात, आणि भान्या नावाचा पोरगा ती राख चाळून त्यातली नाणी शोधतो. घरात पैसा नाही, घाटावर मरणाचा व्यवहार आहे, आणि तो पोरगा दोन्हींकडे उघड्या डोळ्यांनी बघतोय. मनोज जोशी यांना यातल्या कामासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा काही जागी नाटकी होतो, हे खरं. तरी नाथषष्ठीला जो घाट आपण गर्दीत पाहिलेला असतो तो एका मुलाच्या पोटापाण्याची जागा म्हणून दिसतो, एवढ्यासाठी बघावा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र वर्षभर थांबा.

हीच सूचना 'विहीर'साठी, दुप्पट. उमेश कुलकर्णींचा हा सिनेमा संथ आहे, सुंदर आहे, आणि मध्यावर त्यात एक मृत्यू येतो. सुटीत गावाकडे भेटणारी दोन जिवलग भावंडं, एकमेकांना पत्रं लिहिणारी, आणि त्यातल्या एकाच्या मनात काहीतरी चाललेलं जे दुसऱ्याला पुरतं कळत नाही. हॉलमध्ये दाखवायचा हा सिनेमा नाही. तुमचा मुलगा फारसा बोलणारा नसेल, डायरी लिहीत असेल, तर त्याला नाव सांगून ठेवा आणि एकट्याने बघू द्या. मात्र तो सध्याच उदास असेल, जेवणखाण सुटलेलं असेल, तर हा सिनेमा आत्ता नको.

आता तुम्हा नवरा-बायकोचा सिनेमा, 'बालक-पालक'. रवी जाधव दिग्दर्शक, 2013 साल, आणि निर्माता आपला लातूरचा रितेश देशमुख. चाळीतली एक ताई अचानक निघून जाते, मोठी माणसं दाराआड कुजबुजतात, मुलांना कुणी काही सांगत नाही, मग चार मुलं आपल्या परीने शोध घ्यायला निघतात आणि ज्याच्याकडे जाऊ नये त्याच्याकडे जाऊन पोचतात. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सिनेमा हसवतो, चावट आहे, पण त्याचा रोख मुलांवर नाही, गप्प बसणाऱ्या आई-बापांवर आहे. आधी तुम्ही दोघांनी बघा. मग मुलाला सांगा, "हा चांगला आहे, बघितला तर बघ." एवढंच. शेजारी बसून बघितला नाही तरी चालेल. आई-बापांनी हा सिनेमा पाहिलाय, हे त्याला कळणं पुरेसं असतं. एरवी ज्या गोष्टी तो टेलिग्रामवरच्या ग्रुपमधून शिकणार त्यापेक्षा हे बरंच बरं.

लेकीसोबत बघायला हिंदीत दोन चांगले आहेत. 'नील बटे सन्नाटा'मध्ये (2016) घरकाम करणारी आई मुलीच्याच शाळेत, तिच्याच दहावीच्या वर्गात नाव घालते, कारण मुलगी म्हणते की कामवाल्या बाईची मुलगी कामवाली बाईच होणार. गणिताला घाबरणाऱ्या मुलींच्या आयांनी तर बघावाच. शेवट जरा साखर घातलेला आहे, चालतो. 'सीक्रेट सुपरस्टार' (2017) त्यापेक्षा कडवट आहे. पंधरा वर्षांची इन्सिया बुरखा घालून गाण्याचे व्हिडिओ टाकते, आणि घरात बाप आईला मारतो. आमच्या मुलींना गाणी आवडतात, पण त्या बोलतात ते लॅपटॉपच्या प्रसंगाबद्दल: आई हार विकून लॅपटॉप घेते आणि बाप तो फेकून द्यायला लावतो. तुमच्या ओळखीतल्या कुठल्या घरात असं चालत असेल तर लेकीला ते माहीत आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त.

पाळी, अंगात होणारे बदल, अचानक येणारा राग, यावर बोलायला अवघड वाटत असेल तर 'टर्निंग रेड' (2022) हा ॲनिमेशनपट लावा. तेरा वर्षांची मुलगी भावना अनावर झाल्या की मोठा लाल पांडा होते, आणि आईला वाटतं पाळी आली. पॅडचं खोकं घेऊन आई दाराबाहेर उभी आहे आणि मुलगी आत लाजेने मेली आहे, हा प्रसंग बघून तुमची लेक तुमच्याकडे वळून बघते की उशीत तोंड खुपसते ते बघा. 'इनसाइड आउट'चे दोन्ही भाग, 2015 आणि 2024 चे, याच वळणाचे. दुसऱ्या भागात परीक्षेआधी पोटात गोळा आणणारी ती 'चिंता' एक पात्र होऊन येते, आणि हे मी बारावीच्या मुलांनाही दाखवतो.

सौदी अरेबियातला 'वाजदा' (2012) सहसा कुणी सुचवत नाही. दहा वर्षांच्या मुलीला सायकल हवी आहे, मुलींनी सायकल चालवायची नाही असा तेव्हाचा तिथला शिरस्ता, आणि पैसे मिळवण्यासाठी ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. हैफा अल-मन्सूर या बाईंनी केलेला. पांढऱ्या-निळ्या गणवेशात रांगेने सायकलवर शाळेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना यात काय दिसतं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

मुलाकडे येऊ. तो बारावीला आहे, म्हणजे सगळे नातेवाईक त्याला 'कोटा फॅक्टरी' बघ म्हणून सांगून मोकळे झाले असतील. ती मालिका चांगली आहे, मुख्य काम आपल्या मयूर मोरेचं आहे. पण लातूरच्या ट्यूशन एरियातून चार दिवस सुटून आलेल्या पोराला पुन्हा क्लासच दाखवायचा? ती मालिका तुम्ही बघा, त्याचा दिवस कसा जातो ते कळेल. 'छिछोरे'बद्दल (2019) एक सावधगिरी. त्याचा सूर खेळकर असला तरी गोष्ट सुरू होते ती प्रवेश परीक्षेत नापास झालेल्या मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केल्यापासून. हॉस्टेलवर अशी घटना जवळून पाहिलेली मुलं असतात आणि ती घरी सांगत नाहीत. आधी विचारा. आणि मुलाच्या बोलण्यात 'माझं काही होणार नाही' असं वारंवार येत असेल तर सिनेमा बाजूला ठेवा, टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

मुलाने एकट्याने किंवा वडिलांसोबत बघायचा तो 'उडान' (2010). विक्रमादित्य मोटवानेंचा. शिमल्याच्या शाळेतून काढून टाकलेला सतरा वर्षांचा रोहन जमशेदपूरला बापाकडे येतो. बाप कारखानदार, त्याला 'सर' म्हणायचं, पहाटे पळायला जायचं, इंजिनिअरिंगच करायचं. पोराला कविता लिहायच्या आहेत. त्यात एक सहा वर्षांचा सावत्र भाऊ, ज्याची रोहनला ओळखही नव्हती. मारहाणीचे प्रसंग अंगावर येतात. वडिलांनी सोबत बघावा असं मी म्हणतो आणि बहुतेक वडील टाळतात. जे बसतात ते मधेच उठून पाणी प्यायला जातात. जाऊ द्या, परत येतात.

पण तुमच्या घरासाठी सगळ्यात नेमका सिनेमा मला विचाराल तर तो मराठी नाही, हिंदी नाही आणि रंगीतही नाही. सत्यजित राय यांचा 'अपराजितो', 1956 सालचा, बंगाली. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. अपूचे वडील वारलेत. आई त्याला घेऊन खेड्यात राहते. मुलगा हुशार निघतो, शिष्यवृत्ती मिळवतो, कोलकात्याला शिकायला जातो. दिवसा कॉलेज, रात्री छापखान्यात काम. आई खेड्यात त्याच्या पत्राची वाट बघते, आजारी पडते आणि परीक्षेत व्यत्यय नको म्हणून कळवत नाही. सुटीत घरी आलेला अपू झोपा काढतो, आई बोलत असते तेव्हा पेंगतो. एकदा निघालेला तो स्टेशनवरून परत येतो आणि गाडी चुकली म्हणून सांगतो. आईला एक दिवस जास्त मिळतो.

ताई, हा सिनेमा बीडच्या, परभणीच्या, हिंगोलीच्या त्या प्रत्येक घराचा आहे ज्याने पोराला शिकायला लातूरला, पुण्याला पाठवलंय. विशेष म्हणजे तो अपूला दोष देत नाही. आईचा जीव तुटतो हे खरं आणि पोराला परत यावंसं वाटत नाही हेही खरं, दोन्ही तितक्याच मायेने दाखवतो. हॉस्टेलवर लावला तेव्हा एका पोराने रागाने विचारलं, "सर, तिनं कळवलं कामून नाही?" त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, "माझी माय बी नाही कळवीत." यावर मला काही बोलायची गरज पडली नाही. भाषेची भीती बाळगू नका. संवाद कमी आहेत, इंग्रजी सबटायटल मुलगी वाचून आजीला सांगेल. आधी 'पाथेर पांचाली' बघायलाच हवा असं नाही, बघितला तर उत्तम.

विज्ञानाची ओढ असलेल्या मुलासाठी 'ऑक्टोबर स्काय' (1999) हाही ध्यानात ठेवा. 1957 मध्ये स्पुटनिक आकाशात गेलेला बघून अमेरिकेतल्या कोळसाखाणीच्या गावातली चार पोरं रॉकेट बनवायला घेतात. बापाला वाटतं मुलाने खाणीतच यावं. खरी घडलेली गोष्ट आहे. शेतीच्या जागी खाण, एवढाच फरक.

हे सगळं मिळणार कुठे? कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हक्क बदलले की सिनेमा एका ॲपवरून दुसऱ्यावर जातो. टीव्हीच्या सर्चमध्ये मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगने शोधा. काही मराठी सिनेमे यूट्यूबवर निर्मात्यांच्या अधिकृत चॅनेलवर असतात, काही थोड्या पैशांत भाड्याने मिळतात. मुलगा म्हणेल टेलिग्रामवर आहे. चोरीचा प्रश्न आहेच, शिवाय त्या प्रतीत 'किल्ला'चा पाऊस ऐकू येत नाही. नेटफ्लिक्सचं मोबाईलपुरतं स्वस्त सदस्यत्व टीव्हीवर चालत नाही, हे घेण्याआधी बघून घ्या. एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, तेव्हा घरी वायफाय नसेल तर दर्जा कमी करून ठेवा किंवा रात्रीच डाउनलोड करून घ्या. दिवाळीत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला कोपऱ्यात वय दिसतं: यूए 7+, 13+, 16+. ॲपवर ही विभागणी 2021 च्या नियमांपासून आहे, आणि आता थिएटरच्या प्रमाणपत्रावरही अशीच येते. 13+ आणि त्यावरच्या सिनेमांना पिन लावायची सोय असते, लेकीच्या प्रोफाईलला ती लावा. बारावीच्या मुलाला पिन लावू नका. तो दोन मिनिटांत शोधून काढेल आणि तुमच्यातलं बोलणं मात्र बंद होईल.

सिनेमा संपल्यावर "यातून काय शिकलास?" हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, वडिलांनी तर नाहीच. मुलांना बोलायचं असेल तर ती बोलतात, बहुधा दुसऱ्या दिवशी, भलत्याच वेळी, फराळाचा डबा उघडता उघडता. तेव्हा तुम्ही फक्त तिथे असा.

क्रम असा ठेवला तर बरं: आधी 'किल्ला', मग एखादा हलका, मग 'शाळा', आणि 'फँड्री' किंवा 'अपराजितो' शेवटच्या दिवसांत; पण मुलगा परत जायच्या आदल्या रात्री 'अपराजितो' नको, तुम्हालाच जड जाईल. आल्याबरोबर पहिले दोन दिवस तो झोपेल, त्याला झोपू द्या. त्या दोन दिवसांत लेकीला जो हवा तो लावा. सुटी तिचीही आहे, आणि भाऊ घरी आला की टीव्ही त्याचाच होतो ही तिची तक्रार तुमच्या प्रश्नात दिसली नाही, तरी असणार.